दाजींच्या गाडीतली शेगडी

दाजी खवणेकरांना लोखंड चाटायची सवय होती.

हसू नका. मी हसलो होतो, तर त्यांनी माझंच बोट धरून आमच्याच फाटकाच्या कडीवर घासलं आणि माझ्याच तोंडात घातलं. तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं. नवी बायको ओसरीवर उभी होती आणि नवरा कडीची चव घेत होता. "काय लागता?" दाजींनी विचारलं. मी म्हटलं, "खारट." "आता हस," ते म्हणाले, "मीठ गप बसना नाय हां!"

दाजी आमचे शेजारी. मालवणात किनाऱ्याला लागून आमची आळी, मध्ये फक्त माडांची एक रांग. समुद्रावरून येणारा वारा मीठ घेऊन येतो, ते लोखंडावर बसतं आणि लोखंडाला खात सुटतं. आम्ही सगळे ते जन्मापासून बघत आलो आणि गप्प बसलो. दाजी गप्प बसले नाहीत. कुणाच्याही घरी गेले की आधी कडीवर तर्जनी फिरवायची, जिभेला लावायची, लोणचं मुरलं की नाही बघावं तसे डोळे मिटून उभं राहायचं, आणि मग निकाल द्यायचा. "आज बरांच बसलां हा," किंवा "पावसान धुवन नेल्यान." निकाल दिल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. एकदा मयताच्या घरीही त्यांनी खिडकीचा गज चाखला. तिथे निकाल मनात ठेवला, एवढंच.

जन्मभर ते आगबोटीवर आगवाले होते. आगवाला म्हणजे बोटीच्या तळाशी, बॉयलरच्या तोंडापुढे उभा राहून कोळसा घालणारा माणूस. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून भाजून चकचकीत झालेले. त्या हातांवर केस उगवायचे कधीच थांबले होते. नोकरी संपवून परत आले ते गंजाशी दावा मांडूनच. घरात खुंट्या लाकडाच्या, विळी तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली, दाराच्या बिजागऱ्यांना दर आठवड्याला खोबरेल. रस्त्यात भेटले की "बरा मां?" विचारायच्या ऐवजी "गंजलस नाय मां?" विचारत. घरात एकटेच. बायको फार पूर्वी वारली आणि मूलबाळ नाही, एवढंच आळीला ठाऊक. विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की ते तुमच्या छत्रीच्या काड्या तपासायला घेत.

माझा स्वतःचा गंजाशी संबंध कचेरीतल्या टाचण्यांपुरता. मी मामलेदार कचेरीत कारकून. टाचणी गंजली की कागदाला डाग पडतो, डाग पडला की साहेब ओरडतात, साहेब ओरडले की मी दुसरी टाचणी लावतो. हे माझं तत्त्वज्ञान मी एकदा दाजींना सांगितलं. पुढे आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

तर अशा माणसाने गाडी घेतली. गोवा मोकळा झाल्यावर पणजीचा एक पोर्तुगीज डॉक्टर आपल्या देशी परत निघाला होता, त्याच्याकडून दाजींनी ही जुनी जर्मन गाडी आणली. कासवासारखी पाठ, इंजिन मागे, सामान ठेवायची जागा पुढे, आणि इंजिनाला पाणी लागतच नाही. आळीतल्या जाणत्या लोकांनी गाडीभोवती फिरून ती उलटी जोडलेली आहे असा निर्णय दिला. पण दाजी भाळले होते ते वेगळ्याच गोष्टीवर. त्या गाडीत शेगडी होती.

गाडी थंड मुलखातली, त्यामुळे आत बसणाऱ्यांना ऊब मिळायची सोय केलेली. इंजिनाचा धूर ज्या नळ्यांतून बाहेर जातो त्या नळ्या तापतात. त्यांच्याभोवती डावीकडे एक, उजवीकडे एक अशा पत्र्याच्या दोन पेट्या. इंजिनाचा पंखा या पेट्यांतून वारा ढकलतो, तो तापतो आणि दारांखालच्या पोकळीतून आत पायांशी येतो. धूर नळीच्या आत, वारा नळीच्या बाहेर. दोघांची गाठ पडता कामा नये. नळीला भोक पडलं की धूर वाऱ्याबरोबर थेट गाडीत, आणि माणूस बसल्या जागी गुंगून पडायचा. त्या पेट्यांना जर्मन लोकांनी काहीतरी लांबलचक नाव दिलं असेल. दाजी त्यांना शेगडे म्हणत. डावो शेगडो आणि उजवो शेगडो.

आता तुम्हीच सांगा, मालवणात गाडीला शेगडी म्हणजे टकल्याला फणी. आमच्याकडे ऋतू दोन. एकात घाम येतो आणि दुसऱ्यात भिजून घाम येतो. पण दाजी वैशाखातसुद्धा शेगडी चालू ठेवत. "रोज तापूक व्हयी. थंड शेगड्यात मीठ बसता." एकदा कुडाळला लग्नाला जायचं म्हणून त्यांनी मला, माझ्या बायकोला, सुमनला, आणि आईला मोठ्या प्रेमाने गाडीत घातलं. अर्ध्या वाटेतच सुमनच्या केसांतली अबोली माना टाकून मोकळी झाली होती. माझा इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटला. आई पदराने वारा घेत शेवटी ओरडली, "दाजीनू, आमका लग्नाक नेतास की भट्टीक?" दाजी शांतपणे म्हणाले, "वैनी, जरा सोसा. डावो शेगडो आता खंय तापाक लागलो." आम्ही लग्नघरी पोचलो तेव्हा यजमानांनी आम्हाला आधी विहिरीवर नेलं.

पहिल्याच पावसाळ्याने दोन्ही शेगड्यांची चाळण केली. खालून बोट लावलं की पत्रा पापडासारखा तुटून हातात यायचा. कुडाळचा मिस्त्री म्हणाला, "कापून टाका नी शिदी नळी बसवतंय. हंय कोणाक व्हयी ती आग?" हे ऐकून दाजींच्या कपाळावरची शीर उठली. "कापूक कोणाकय येता," ते म्हणाले, "राखूक येवक व्हयां." गाडी घेऊन परत आले आणि स्वतःच ठिगळं लावत बसले.

मग त्यांनी जे केलं ते फक्त आमच्या किनाऱ्यावरचाच माणूस करू शकतो. होडीचं लाकूड टिकावं म्हणून आमच्याकडे मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावतात. दाजींनी विचार केला, होडीला जे चालतं ते गाडीला का नको? दोन्ही शेगड्यांना आतून बाहेरून मुशीचं तेल पाजलं, एकावर एक हात दिले, उन्हात वाळवलं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी इंजिन सुरू केलं. मी शेजारी बसलो होतो. मला कचेरीत सोडतो म्हणाले होते. नळ्या तापल्या, तेल तापलं आणि दारांखालून भाजलेल्या मुशीचा जो लोट आला, त्याचं वर्णन मी करू शकत नाही, कारण मी श्वास रोखून धरला होता. आळीतली मांजरं मागे लागली. बाजारातून जाताना कोळणींनी नाकाला पदर लावले. मासळी विकणाऱ्या बाईला वास असह्य होतो म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या. साहेबांनी मला त्या दिवशी खिडकीबाहेरच्या व्हरांड्यात बसवून काम दिलं.

त्यानंतर दाजींनी लाल रंग लावून पाहिला, तो फोड येऊन उडाला. चुना लावून पाहिला, तो गळून पडला. दरवर्षी पावसाळा जिंकायचा आणि दरवर्षी दाजी पुन्हा गाडीखाली शिरायचे. लोक दाजींच्या शेगडीची थट्टा तोंडावर करू लागले. वाण्याच्या दुकानात त्यांना बघितलं की कुणीतरी हात चोळत म्हणायचं, "दाजीनू, थंडी वाजता हो, शेगडी पेटवा." दाजी हसत नसत आणि चिडतही नसत. सामान घेऊन, दुकानाच्या तराजूची साखळी चाखून, निघून येत.

पाच-सहा पावसाळे असे गेले. मग आमच्याकडे मुलगी झाली.

सुमनचं माहेर बेळगावचं. पहिलं बाळंतपण म्हणून ती तिकडे गेली होती. श्रावणाच्या आधी मुलगी झाल्याचा निरोप आला. सव्वा महिना झाला की घेऊन येऊ, पाऊस सरू दे, असं माझं मत. पण आईचं मत वेगळं होतं आणि आमच्या घरात मतं मोजायची पद्धत नाही. "चवथीक घरात गणपती येतलो आणि माझी नात परक्या गावात? मी देवाक काय सांगू?" ती म्हणाली. मी म्हटलं, ठीक आहे, एसटीने घेऊन येतो.

दाजी ओसरीवर बसून आमच्या अडकित्त्याला तेल देत होते. त्यांचा हात थांबला.

"यष्टीन? आंबोलीच्या घाटान? ह्या दिसांत?"

"होय. मगे काय विमानान?" मी म्हटलं.

ते उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. "यष्टी नाय," ते म्हणाले, "मी हाडतलंय तेंका. शेगडी लावन."

"दाजीनू, तुमची शेगडी फुटकी आसा."

"चवथीच्या आदी व्हतली."

एवढं बोलून ते गेले. अडकित्ता तसाच उघडा टाकून गेले, यावरून काय ते मी ओळखायला हवं होतं. पण मला तेव्हा फक्त मुशीचा वास आठवला आणि सुमनला काय सांगायचं याची चिंता लागली.

दुसऱ्या दिवसापासून माडाच्या झापांच्या मांडवाखाली, धो धो पावसात, दाजी चिखलात पाठ टेकून गाडीखाली दिसू लागले. शेगडे सोडवायचे म्हणजे त्यांचे नट आधी सुटले पाहिजेत. आणि ते गंजून नळीशी एकजीव झालेले. दाजी त्यांना रॉकेल पाजत, खोबरेल पाजत, हातोडीने हलकेच ठोकत आणि गोड बोलत. "ये रे बाबा, ये. किती दीस रुसतलस?" एखादा नट आला की "शाबास!" आणि एखादा मोडला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. कचेरीतून येता-जाता मला एवढंच ऐकू यायचं, प्रेम आणि शिव्या. शेवटी दोन्ही शेगडे बाहेर आले. त्यांच्याकडे बघून, यांतून काही निघेल असं मला तरी वाटलं नाही.

मग आमच्या परसातल्या बिंबल्याच्या झाडावर संकट आलं. बिंबली म्हणजे ती हिरवी, बोटाएवढी, काकडीसारखी दिसणारी आणि जबडा शिवशिवेल इतकी आंबट फळं. बायका त्यांनी पितळ घासतात. दाजींनी झाड ओरबाडून काढलं, फळं ठेचली आणि एका मोडक्या होडकुल्यात तो रस भरून त्यात शेगडे बुडवून ठेवले. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "बांगड्याच्या तिखल्याक एक बिंबला ठेवल्यानी नाय." पण आंबटाने गंज सोडला. दाजींनी तारेच्या ब्रशने घासून घासून खालचं पांढरं लोखंड उजेडात आणलं, गेलेल्या जागी नवा पत्रा कुडाळहून जोडून आणला आणि मग डोक्याला हात लावून बसले. कारण खरा प्रश्न तिथेच होता. आता याला काय लावायचं, जे आगीत जळणार नाही आणि मिठाला भीक घालणार नाही?

उत्तर मिळालं इनास पदेराकडे. इनास आमच्या आळीच्या टोकाचा बेकरीवाला. दाजी पाव आणायला गेले आणि सवयीप्रमाणे त्याचा पाव भाजायचा पत्रा चाखून आले. पत्रा काळाकुळकुळीत, त्याच्या बापाच्या वेळचा. समुद्र दारात आणि पत्र्यावर गंजाचा ठिपका नाही. धावतच ते माझ्याकडे आले. मी जेवत होतो. "मधू! त्या पत्र्याक मीठ लागना नाय! कित्याक? रोज तेल लागता आणि रोज भाजता! तेल लोखंडात जिरान गेलां हा!" मी म्हटलं, "दाजीनू, आमटी थंड होता." त्यांना ऐकू गेलं नाही.

तेल कुठलं लावायचं तेही त्यांनी ठरवलं होतं. काजूच्या टरफलाचं. जाळी आणि होड्या कुजू नयेत म्हणून आमच्याकडे ते वापरतात. हाताला लागलं तर कातडं उतून निघतं, म्हणून काठीला चिंधी बांधून लावायचं. दाजींच्या हातांवर उतायला काही शिल्लक नव्हतं. राहिला प्रश्न भट्टीचा.

"माझ्या भट्टीत लोखंड?" इनास दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला. मी बरोबर होतो, जामीन म्हणून. "दाजी, तुझ्या मुशीचो वास माका अजून सपनात येता. तो माझ्या पावाक लागलो तर पाद्री माका इगर्जेत घेवचो नाय!"

"मुशी नाय. काजी."

"काजी पण नाय! गिऱ्हाईक काय खातला? तुझो शेगडो?"

दाजी वाद घालणारे. पण त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही. खाली मान घालून म्हणाले, "इनास, बाळंतीण हाडूची आसा. घाटान. मधूचां महिन्याचां चेडू आसा."

दोघं एका वयाचे, लहानपणापासूनचे. इनास बाजूला झाला. "सकाळचो पाव भायर पडलो की ये," तो म्हणाला आणि त्याने छातीवर क्रूस केला.

पुढचे दिवस रोज दुपारी इनासच्या भट्टीतून असा धूर निघाला की आळी डोळे पुसत समुद्रावर जाऊन बसली. दाजींचं काम एकच. पातळ हात द्यायचा, भाजायचा, थंड करायचा, पुन्हा पातळ हात. जाड हात एकदाही दिला नाही. पावाला काही वास लागला नाही असं इनास शपथेवर सांगे. आमच्या आईने तेवढे दिवस शपथेवर भाकऱ्या भाजल्या. आणि एका दुपारी ते दोन शेगडे भट्टीतून बाहेर आले, नव्या तव्यासारखे काळे आणि तुकतुकीत. दाजींनी ते रात्रभर समुद्राच्या वाऱ्यावर उघडे ठेवले आणि सकाळी बोट फिरवून चाखले.

"काय नाय," ते म्हणाले. "फडक्यान पुसलां की मीठ सुटान येता. आत जाना नाय."

शेगडे गाडीला चढले. शेवटची परीक्षा बाकी होती. दाजी गाडीत बसले, चारी काचा बंद केल्या, ऊब येते त्या भोकावर पांढरा रुमाल टाकला आणि मला बाहेर उभं केलं. "रुमाल काळो झालो तर धूर येता. आणि मी मान टाकलंय तर दार उघड."

"दाजीनू, हे कसले खेळ?"

"खेळ नाय. चेडू थंय बसतलां."

इंजिन घरघरत राहिलं. काचांमागे दाजी घामाने निथळत होते, पण पापणी लवत नव्हती. मी दाराची मूठ धरून उभा. बऱ्याच वेळाने ते स्वतः दार उघडून बाहेर आले. रुमाल पांढराशुभ्र होता. "उकाड्याची माका सवय आसा," ते म्हणाले आणि विहिरीवर गेले.

बेळगावला आम्ही पोचलो तेव्हा सासऱ्यांनी गाडीकडे आणि दाजींकडे आळीपाळीने पाहिलं. दाजींनी त्यांच्या दाराची कडी चाखली आणि म्हणाले, "नशीबवान आसात. अळणी आसा." सासरे मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, हे गृहस्थ बरे आहेत ना?" मी होय म्हटलं, पण छातीठोकपणे नाही.

सकाळी निघालो. सुमनच्या कानांना रुमाल, बाळ दुपट्यांच्या गाठोड्यात, उशाशी ओव्याची पुरचुंडी. दोघी मागे, मी पुढे. आंबोली येईपर्यंत बरं होतं. आंबोलीत पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. धुकं इतकं की गाडीचं नाक दिसेना. घाट उतरायला लागलो तर पुढे एसटी उभी, तिच्यापुढे ट्रक, आणि त्यांच्यापुढे दरड कोसळून रस्ता बंद. मजूर गोळा होऊन माती काढतील तेव्हा वाट मोकळी होणार.

आम्ही थांबलो. वारा गाडीला हलवत होता आणि मी स्वेटर आणला नाही म्हणून मनातल्या मनात सगळ्यांना दोष देत होतो. दाजींनी इंजिन बंद केलं नाही. पंखा फिरला तरच ऊब आत येते, म्हणून एक पाय दाबून इंजिन तापतं ठेवलं. भोकावर पांढरा रुमाल होता. त्यांची नजर धुक्यात कमी आणि रुमालावर जास्त. पायांशी मऊ, कोरडी ऊब येऊ लागली. थोड्या वेळाने काच कुणीतरी ठोठावली. एसटीतली एक म्हातारी, इरल्याखाली कुडकुडत. दाजींनी तिला मागे घ्यायला सांगितलं. तिने पाय टेकले आणि दचकून म्हणाली, "ह्यां काय गो बाय? मोटारीत चूल?"

"चूल नाय आजये," दाजी म्हणाले, "शेगडी." पाच-सहा पावसाळ्यांची थट्टा सोसलेल्या माणसाने हा शब्द किती सावकाश उच्चारावा!

दुपार झाली. दरड हलत नव्हती. दाजींचा पाय थरथरायला लागलेला मला दिसला. मी म्हटलं, "दाजीनू, जरा बंद करा. पायाक आराम द्या."

"नाय."

"थोडो वेळ. काय होता त्याने?"

तेव्हा ते बोलले. माझ्याकडे न बघता, समोरच्या पांढऱ्या धुक्याशी बोलावं तसे.

"माझी बायल ह्याच घाटान इली होती. अडली होती म्हणान बेळगावच्या इस्पितळात न्हेलली. अशेच दीस. सर्व्हिसची मोटार, बाजूक काय नाय, नुसती ताडपत्री. हंयच खंयतरी दरड पडली आणि दीसभर मोटार उभी. मांडयेर नुकतो जल्मलेलो झिल होतो. घराक पोचासर तेची छाती भरली. चार दीस काडल्यान." ते थांबले. पाय मात्र उचलला नाही. "मी तेवा खंय होतंय म्हायत आसा? तांबड्या समुद्रात. बॉयलराच्या तोंडाक. थंय उकाड्यान माणसां भोवळ येवन पडत. मी आपलो कोळसो घालतंय, घालतंय... आणि हंय माझां पोर थंडीन गेलां. अख्खो जलम माझो आगीत गेलो, मधू. त्यातली ओंजळभर ऊब घराक पोचली नाय."

जी शेगडी आम्ही वर्षानुवर्षं हसण्यावारी नेली, ती हा माणूस कुणासाठी तापती ठेवत होता ते आता कळलं, आणि मी बाहेर धुक्यात बघायचं नाटक केलं. म्हातारीने डोळ्याला पदर लावला.

सुमन मागून म्हणाली, "दाजी, पाय गरम हाईत बघा बाळाचे. फुलक्यागत. हात लावून बघा की."

दाजींनी मान हलवली. "आता नाय गो. घराक पोचांदे." मागे वळून त्यांनी पाहिलंही नाही. रुमाल झटकला, पुन्हा भोकावर घातला आणि पाय दाबला.

वाट मोकळी झाली तशी म्हातारी आपल्या एसटीत गेली आणि आम्ही उतरलो. दाजी उतारावरही गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवून होते, इंजिन थंड पडू नये म्हणून. दाणोलीला धुकं संपलं. सावंतवाडीला ऊन आलं. कुडाळच्या पुढे आम्ही उकडून निघालो. मी हात जोडले. सुमनने दुपट्यांवर दुपटी सोडली. ऊब येतच होती.

"दाजीनू, आता तरी!"

"उंबरो येयसर नाय."

मालवणात शिरलो तेव्हा घामाने मी चिंब होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. आई भाकरतुकडा घेऊन फाटकात उभी होती. तिने ओवाळून टाकलं. मग दाजी इंजिन बंद करून लंगडत पुढे आले. सुमनने दुपट्याचं तोंड बाजूला केलं. बाळ लालबुंद झालं होतं, कपाळावर घामाचे मणी, आणि हातपाय झाडत जगावर रागावलं होतं.

दाजींनी आपलं भाजकं बोट पुढे केलं, तिच्या कपाळावरून हलकेच फिरवलं, आणि सवयच ती, जिभेला लावलं. डोळे मिटले. आम्ही सगळे निकालाची वाट बघत उभे.

"खारां," ते म्हणाले. मग डोळे उघडले, ते पाण्याने भरलेले. "खारां लागता, वैनी! घामलां हा चेडू! घामलां हा!"

ते हसत होते आणि रडत होते, आणि बोट पुन्हा पुन्हा जिभेला लावत होते. लहान मुलाला कुणी असलातसला हात लावला की आई फाडून खायची. त्या दिवशी तिने सुमनच्या हातातून बाळ घेतलं आणि म्हणाली, "दाजीनू, आत येवा. बसा, आणि तेका मांडयेर घेवा."

दाजी आमच्या मागोमाग आत आले. फाटकाच्या कडीला त्यांनी त्या दिवशी बोट लावलं नाही.